सातासमुद्रापार जाण्याची तयारी
डॉ. आनंदीबाई जोशी यांचे जीवन



आगमनाच्या या स्मरणिकेत आपण आपल्या पूर्वजांची आठवण काढतो. कोकणातून आणि देशावरून निघून, समुद्र ओलांडून ते मोरिशसच्या उसाच्या मळ्यांत आले. निघण्यापूर्वी त्यांनी काय तयारी केली असेल? त्याविषयी लेखी असे फारच थोडे उरले आहे. आप्रवाशांच्या नोंदवहीत नाव आहे, बापाचे नाव आहे, गाव आहे, वय आहे आणि एक क्रमांक आहे. मनात काय होते, गाठोड्यात काय होते, निघताना आई काय म्हणाली, हे त्या वहीत नाही. आपल्या पणजोबा-पणजीला लिहिता येत नव्हते, आणि त्यांना विचारणारेही कोणी नव्हते.

पण त्याच काळात एका मराठी मुलीने समुद्र ओलांडला आणि त्याची तयारी कशी केली हे तिने स्वतः लिहून ठेवले. ती मळ्यावर कामाला गेली नव्हती, शिकायला गेली होती. तिचे नाव आनंदीबाई गोपाळराव जोशी. परदेशी जाऊन वैद्यकीची पदवी मिळवणारी ती पहिली हिंदू स्त्री. आपल्यातील पुष्कळांनी तिचे नाव ऐकले असेल, कोणी श्री. ज. जोशी यांची आनंदी गोपाळ ही कादंबरी वाचली असेल, कोणी चित्रपट पाहिला असेल. येथे तिचे चरित्र सांगताना तिच्या आयुष्यातील एका गोष्टीकडे जास्त लक्ष देऊ. ज्या देशाची भाषा, अन्न, वस्त्र, हवा, देव सारेच वेगळे, तेथे पहिल्यांदा जाणारे माणूस कशी तयारी करते, ती गोष्ट.

बालपण आणि लग्न

आनंदीबाईंचा जन्म 31 मार्च 1865 रोजी झाला. माहेरचे नाव यमुना. माहेर कल्याणचे. एके काळी घरात जमीनजुमला होता, पण तो पुढे राहिला नाही. नवव्या वर्षी यमुनेचे लग्न झाले. नवरा गोपाळराव जोशी, टपाल खात्यातील कारकून, तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठा आणि बिजवर. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली.

गोपाळराव विलक्षण गृहस्थ होते. बायकोने शिकलेच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. ज्या काळात बायको पुस्तक घेऊन बसली तर घरची मोठी माणसे रागावत, त्या काळात आनंदीने अभ्यास सोडून स्वयंपाकघरात वेळ घालवला तर गोपाळराव रागावत. नुसते रागावून ते थांबत नसत, मारतही असत. ही गोष्ट आनंदीबाईंनी पुढे नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात स्पष्ट मांडली आहे. त्याच नवऱ्यामुळे आपण येथवर आलो, हेही त्यांनी मान्य केले आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि त्यांतली एकही त्यांनी लपवली नाही.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. बाळाला वेळेवर योग्य उपचार मिळाले नाहीत. पुरुष डॉक्टरला दाखवण्यापेक्षा बाया दुखणे अंगावर काढत आणि स्त्री डॉक्टर तर नव्हतीच. तेथून वैद्यकी शिकण्याचा विचार मनात रुजला. आपल्या घरांतील आज्यांनीही मळ्यावर अशी किती बाळे गमावली असतील!

एक पत्र आणि एक मावशी

गोपाळरावांच्या बदल्या होत असत. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, मग कलकत्ता आणि श्रीरामपूर. कोल्हापुरात असताना 1878 मध्ये त्यांनी अमेरिकेतील एका मिशनरी गृहस्थांना पत्र लिहून विचारले की आपल्या पत्नीच्या शिक्षणाची तेथे सोय होईल का आणि आपल्याला काही नोकरी मिळेल का. उत्तर आले, पण त्यात धर्म बदलण्याची अपेक्षा होती. जोशी पती-पत्नींनी ती मान्य केली नाही. गोष्ट येथेच संपायची. पण तो पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मिशनरी नियतकालिकात छापला गेला.

1880 मध्ये न्यू जर्सी राज्यातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दातांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. आपली पाळी येईपर्यंत त्यांनी तेथे पडलेला तो अंक चाळला. एक हिंदू मुलगी डॉक्टर होऊ पाहते आणि धर्म सोडायला तयार नाही, हे वाचून त्यांना तिच्याविषयी आपुलकी वाटली. त्यांनी पत्र पाठवले. आनंदीबाईंनी उत्तर दिले. पुढे जवळजवळ तीन वर्षे पत्रे जात-येत राहिली. पत्रांतून नाते जुळले आणि आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या.

ही तयारीची पहिली पायरी. परक्या देशात पाय ठेवण्यापूर्वी तेथे आपले म्हणावे असे एक माणूस जोडले. पत्रांतून आनंदीबाई अमेरिकेच्या चालीरीती विचारत, आपल्याकडच्या सणांची, बालविवाहाची, घरच्या रीतींची माहिती कळवत. इंग्रजी लिहिण्याचा सराव आपोआप होत गेला. कलकत्त्याकडे असताना त्यांची प्रकृती वारंवार बिघडे, डोके दुखे, ताप येई. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठवली. जिला पाहिलेही नाही अशा बाईकडून समुद्रापलीकडून औषध येते, ही केवढी माया!

आपल्या पूर्वजांना अशी मावशी नव्हती. त्यांना मुकादमाने सांगितले तेवढेच ठाऊक होते. पण त्यांनीही उतरल्यावर हेच केले. एका जहाजातून आलेल्यांना त्यांनी जहाजभाऊ मानले. पलीकडे कोणी आपले नसेल तर वाटेत आपले करावे, हा शहाणपणा त्यांच्याजवळ होता.

श्रीरामपूरचे भाषण

गोपाळरावांचा बेत दोघांनी जाण्याचा होता. पण त्यांना रजा मिळाली नाही. मग त्यांनी ठरवले की आनंदीने एकटीने जावे. सतरा वर्षांची मुलगी, नवऱ्याशिवाय, अमेरिकेला! त्या वेळी ब्राह्मणाने समुद्र ओलांडणे म्हणजे जात गमावणे. पुरुष परत आला तर प्रायश्चित्त घेई. बाईने एकटीने जावे, हे कोणी ऐकलेच नव्हते. लोक बोलू लागले. हिंदूंना वाटे ही बाटणार. ख्रिस्ती लोकांना वाटे बाटत नाही तर जाते कशाला. बंगालमध्ये नवऱ्याबरोबर पायी फिरायला निघाली तरी लोक टक लावून पाहत आणि थट्टा करत.

मग 24 फेब्रुवारी 1883 रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई बोलायला उभ्या राहिल्या. त्यांनी इंग्रजीत भाषण केले. लोक आपल्याला जे प्रश्न विचारतात ते त्यांनी एकेक करून मांडले आणि प्रत्येकाचे उत्तर दिले. अमेरिकेला कशासाठी जाता? हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही का? एकट्या का जाता? परत आल्यावर वाळीत टाकले तर? काही संकट ओढवले तर? कोणत्याही बाईने केले नाही ते तुम्हीच का करता?

पहिल्या दोन प्रश्नांना त्यांचे उत्तर होते की या देशात स्त्री डॉक्टरांची फार गरज आहे आणि हिंदू बाईने हिंदू राहून सुखाने शिकावे अशी येथे सोय नाही. नवरा का येत नाही, याचे कारणही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. घरी वृद्ध सासू आणि धाकटे दीर नवऱ्यावर अवलंबून आहेत. त्यांचा आधार आपल्यासाठी काढून घेणे योग्य नव्हे, असे त्यांचे म्हणणे. वाळीत टाकण्याचे भय आपल्याला नाही, कारण येथे जशी राहते, खाते, नेसते तशीच तेथेही राहणार आहे. मग जातीने टाकावे तरी कशासाठी? हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हा आपला निश्चय त्यांनी सर्वांसमोर जाहीर केला. संकटे आणि मरण तर घरी बसलेल्यालाही चुकत नाही. आणि शेवटच्या प्रश्नाला त्यांनी पुराणातले दाखले दिले. शिबी राजाने आणि मयूरध्वजाने दुसऱ्यासाठी आपले शरीर देऊ केले, तर आपण थोडे कष्ट का सोसू नयेत, असे त्यांचे म्हणणे होते.

हे भाषण म्हणजे तयारीची दुसरी पायरी. मागे राहणाऱ्यांना तोंड चुकवून जायचे नाही, त्यांचे समाधान करून जायचे. या भाषणाची वर्तमानपत्रांतून चर्चा झाली आणि टीकेबरोबर मदतही आली. प्रवासखर्चासाठी आनंदीबाईंनी आपले दागिने विकले, टपाल खात्यातील एका मोठ्या अधिकाऱ्याने पुढाकार घेऊन वर्गणीला हातभार लावला.

हुगळीवरून प्रस्थान

7 एप्रिल 1883 रोजी आनंदीबाईंचे जहाज कलकत्त्याहून निघाले. नुकतेच अठरावे वर्ष पूर्ण झाले होते. सोबतीला मिशनरी बायका होत्या.

आपण येथे क्षणभर थांबावे. कलकत्त्याला हुगळी नदीच्या काठी गार्डन रीच भागात मजुरांचे डेपो होते. मोरिशस, त्रिनिदाद, गयाना इकडे जाणारे मजूर तेथे ठेवले जात, त्यांची तपासणी होई, आणि त्याच नदीतून त्यांची जहाजे सुटत. 1883 मध्येही ती सुटत होती. आपले बहुतेक मराठी पूर्वज मुंबई बंदरातून त्याआधीच गेले होते, पण वाट तीच आणि काळे पाणीही तेच. एकाच नदीवरून कोणी पुस्तके घेऊन गेले, कोणी करारावर अंगठा उठवून गेले. दोघांनाही मागे राहिलेल्यांनी हेच सांगितले असेल की गेलेला माणूस परत येत नाही.

प्रवास सोपा नव्हता. आनंदीबाईंना जहाजावरचे अन्न चालण्यासारखे नव्हते. सोबतच्या बायका धर्मांतराचा आग्रह धरत. तोंड उघडून मन मोकळे करावे असे कोणी नाही. इंग्लंडमध्ये जहाज बदलून, जवळजवळ दोन महिन्यांनी, 4 जून 1883 रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या. धक्क्यावर कार्पेंटर मावशी उभी होती. तीन वर्षांच्या पत्रांनंतर दोघींनी एकमेकींना प्रथमच पाहिले.

परक्या घरी

रोझेलला कार्पेंटरांच्या घरी आनंदीबाई उन्हाळाभर राहिल्या. ही तयारीची तिसरी पायरी, आणि आपल्या तरुणांनी लक्षात ठेवण्यासारखी. कॉलेजात जाण्यापूर्वी त्या देशाची सवय करून घ्यायला त्यांना थोडा वेळ मिळाला. घरातल्या मुलांशी गट्टी जमली. त्यांनी तेथल्या बायकांना लुगडी नेसवली, कुंकू लावले, आपल्या पद्धतीचे जेवण करून घातले. दुसऱ्याच्या चाली शिकताना आपल्या चाली लाजून लपवल्या नाहीत, हौसेने दाखवल्या. म्हणूनच त्या घराने त्यांना पाहुणी न मानता मुलगी मानले.

मग फिलाडेल्फिया. 1850 मध्ये स्थापन झालेल्या पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे त्यांनी अर्ज केला. त्यात त्यांनी कबूल केले की ठरलेल्या काही विषयांची आपली तयारी कमी असेल. पण आपल्या देशातील बाया पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी आपण हे शिकू इच्छितो, असेही लिहिले. डीन रेचेल बॉडली यांनी प्रवेश तर दिलाच, शिष्यवृत्तीचीही व्यवस्था केली.

जे ठरवले आणि जे ठरवता आले नाही

निघण्यापूर्वी आनंदीबाईंनी तीन गोष्टी मनाशी पक्क्या केल्या होत्या. धर्म सोडायचा नाही, मांस खायचे नाही, लुगडे टाकायचे नाही. पहिल्या दोन गोष्टी त्यांनी शेवटपर्यंत पाळल्या. तिसऱ्या गोष्टीत त्यांना विचार करावा लागला. फिलाडेल्फियाचा हिवाळा आपल्या बेटावरच्या माणसाला कल्पनेनेही कळायचा नाही. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या आणि कंबर उघडी राहते, अंग गारठते. परकरासारखे कपडे आत घालता येईनात. तेव्हा त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. साडीही राहिली आणि अंगही झाकले गेले.

गोपाळरावांना मात्र हे रुचले नाही. हिंदुस्थानातून त्यांची संशयाची, टोचून बोलणारी पत्रे येत. ज्या नवऱ्याने तिला जगाच्या दुसऱ्या टोकाला पाठवले, त्यालाच ती बदलेल याची धास्ती वाटू लागली होती. आनंदीबाईंनी उत्तरे दिली, शांतपणे, पण मान खाली न घालता.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण आपण चरित्रे नेहमी गौरवानेच लिहितो. आनंदीबाईंची तयारी मनाची होती, भाषेची होती, लोकांना उत्तर देण्याची होती. शरीराची नव्हती. निघतानाच त्यांची प्रकृती नाजूक होती. खोलीतली शेगडी नीट पेटत नसे, धूर होई. शाकाहारी माणसाला पोटभर मिळेल असे अन्न तेथे सहज मिळत नसे, आणि दिवसभर अभ्यास. अंगात क्षय शिरला. व्रत पाळले, पण व्रत पाळणाऱ्या देहाची काळजी घेणारी मावशी दूर रोझेलला होती.

पदवी आणि परतीचा प्रवास

1885 मध्ये गोपाळरावही अमेरिकेला येऊन पोचले. 11 मार्च 1886 रोजी आनंदीबाईंना एम. डी. ही पदवी मिळाली. त्यांनी प्रबंध लिहिला होता तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर. म्हणजे परदेशी जाऊनही विषय घरचाच घेतला. समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. व्हिक्टोरिया राणीपर्यंत ही वार्ता पोचली. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातील स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली. आनंदीबाईंनी ती स्वीकारली.

1886 च्या अखेरीस त्या मुंबईला उतरल्या तेव्हा त्यांना उभे राहण्याचीही शक्ती नव्हती. वाळीत टाकतील ही भीती फारशी खरी ठरली नाही. लोकांनी कौतुक केले, वर्तमानपत्रांनी अभिनंदन केले, पुण्यात माणसे भेटायला येऊ लागली. पण औषधांना गुण येईना. ज्या हॉस्पिटलसाठी एवढा समुद्र दोनदा ओलांडला, तेथे एकाही रोग्याची नाडी पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय बावीसही पूर्ण नव्हते.

समुद्र ओलांडलेल्या बाईचे अंत्यसंस्कार भटजी करतील का, अशी गोपाळरावांना शंका होती. ते विनातक्रार पार पडले. श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी दिलेला शब्द खरा झाला होता. त्या हिंदू म्हणून गेल्या आणि हिंदू म्हणून परत आल्या.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत कॅरोलाइन डॉल यांनी त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. मराठीत काशीबाई कानिटकरांनी लिहिले. ज्या मुलीच्या हातून एकही रोगी बरा झाला नाही, तिच्या नावाने मागाहून किती मुली डॉक्टर झाल्या याला गणती नाही.

आपल्यासाठी

आज आपल्या घरांतील मुले-मुली शिकायला भारतात जातात, युरोपात जातात, ऑस्ट्रेलियाला जातात. कित्येक जण पहिल्यांदाच पूर्वजांचे गाव शोधायला रत्नागिरी, सिंधुदुर्गाकडे निघतात. आपल्याला मराठी येते, गणपतीत झाकरी येते, म्हणून तो देश ओळखीचाच असेल असे त्यांना वाटते. उतरल्यावर कळते की बोली वेगळी, रीत वेगळी, आणि तेथले लोक आपल्यालाच परदेशी समजतात. अशा प्रत्येकाने आनंदीबाईंची तयारी आठवावी. जायच्या आधी तेथे एक माणूस जोडावे. घरच्यांच्या प्रश्नांना तोंड द्यावे, टाळू नये. पोचल्यावर लगेच कामाला न लागता थोडे दिवस नुसते बघावे, ऐकावे. काय सोडायचे नाही ते निघण्यापूर्वी ठरवावे, पण कसे नेसायचे ते तेथली थंडी पाहून ठरवावे. आणि अंगाची हेळसांड करू नये. हा शेवटचा धडा आनंदीबाईंनी फार मोठी किंमत देऊन आपल्याला दिला.

आपल्या पूर्वजांनीही असेच केले. त्यांनी गणपती सोडला नाही, पण मूर्ती या बेटाच्या मातीची केली. मराठी सोडली नाही, पण क्रेओल शिकले. म्हणून आज आपण आहोत.

एक शेवटची गोष्ट. आनंदीबाईंची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटर मावशीकडे पाठवली. मावशीने ती न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी गावच्या दफनभूमीत, आपल्या घराण्याच्या जागेत ठेवली. ती शिळा आजही तेथे आहे. ज्या मुलीने परत येण्याचा शब्द दिला आणि पाळला, तिचे शेवटचे विश्रांतिस्थान समुद्रापलीकडच्या मावशीच्या घरच्यांत आहे. आपल्याही पणजोबा-पणजींची राख कोकणात परत गेली नाही. ती येथल्याच नदीत, येथल्याच समुद्रात मिसळली. त्यांना फूल वाहताना, पकीप्सीच्या त्या मराठी लेकीलाही एक फूल वाहू या.